राज्य कुणाचं?

यंदा बालदिनाला शाळेत चार शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली. मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे अशी कामं हटकून माझ्याच वाट्याला! गुलाबाचं फूल आणि चाचा नेहरू ह्यांपलीकडे काहीतरी सांगावं म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणली. त्यांत एक अशी हकिगत सापडली की मुलांना सांगता सांगता मीच चपापले.

गोष्ट १९३७ सालची. नेहरू तेव्हा लागोपाठ दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. आधी लखनौला, मग आपल्या खानदेशातल्या फैजपूरला. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलंच अधिवेशन. काँग्रेसच्या अध्यक्षाला त्या काळी 'राष्ट्रपती' म्हणत. तिसऱ्यांदाही तेच व्हावेत की काय, हा प्रश्न होता. अशा वेळी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' नावाचा एक लेख आला. खाली नाव होतं 'चाणक्य'.

ह्या चाणक्यानं नेहरूंची अशी काही फिरकी घेतली होती की बस्स! गर्दीकडे पाहून हसणारा हा चेहरा क्षणात कठोर कसा होतो, ते हसणं मनापासूनचं की मुरलेल्या पुढाऱ्याची युक्ती, हा त्याचा पहिलाच चिमटा. पुढे तो सांगतो की माणूस लोकशाहीवादी आहे, अगदी प्रामाणिकपणे आहे. पण लोकप्रियता, जिद्द, कामाचा झपाटा, अभिमान आणि दुसऱ्याच्या गबाळेपणाची चीड, हे सगळं त्याच्यापाशी आहे. थोडं पाऊल वाकडं पडलं की हुकूमशहा व्हायला कितीसा वेळ? तेव्हा त्याला पुन्हा निवडू नका. अहंकार आधीच काही कमी नाही!

आणि हा चाणक्य कोण? खुद्द जवाहरलाल नेहरू! चंद्रगुप्ताला गादीवर बसवणाऱ्याचं नाव घेऊन हे गृहस्थ स्वतःलाच गादीवरून उतरवायला निघाले होते. पुढच्या, १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू झाले.

मुलं खो खो हसली. मी मात्र वाटभर विचार करत घरी आले. माणूस दुष्ट असला तरच हुकूमशहा होतो असं नाही. 'काम लवकर व्हायला हवं आणि ते मलाच नीट येतं,' इतकं वाटलं तरी पुरे.

स्वैंपाकघरात सासूबाई रव्याचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या. "अगं, शेजारच्या काकू आल्यात. वाटीभर शिरा करू का? चालेल ना?"

चालेल ना! लग्नानंतरची पहिली चार वर्षं ह्याच डब्यांना हात लावताना मी त्यांना विचारत होते, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते. राज्य माझ्याकडे कधी आलं ते कळलंही नाही. मी त्यांना कधी टाकून बोलत नाही हो! पण "राहू द्या आई, मी करते पटकन," हे दिवसातून किती वेळा म्हणते?

त्या रात्री वहीत मीही चाणक्याच्या थाटात पाऊण पान लिहिलं. 'ही बाई कामसू आहे, मायाळू आहे. मात्र हिच्या घरात दुसऱ्या कुणाला चुकायची मुभा नाही.' सुरुवातीला लिहिताना हसू येत होतं. ह्या ओळीला आलं नाही.

स्वतःला ओळखलं म्हणजे सुटलो, असंही नसतं म्हणा. ह्याच नेहरूंनी १९५१ ते १९५४ ह्या काळात पंतप्रधानपदाबरोबर काँग्रेसचं अध्यक्षपदही सांभाळलं. चाणक्याला तेव्हा लिहायला सवड झाली नसावी!

म्हणून मी ती वही मसाल्याच्या डब्याशेजारीच ठेवली आहे. परवा रविवारी सासूबाईंनी मला न विचारता शिरा केला. साजूक तूप अगदी सढळ हातानं! बरणीचा तळ बघून माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं आणि वाटी पुढे केली. शिरा छान झाला होता, मी करते त्याहून छान.