लंडनांतील आशिया

‘एशियन आर्ट इन लंडन’ हा उत्सव १९९८ सालीं सुरू झाला. हिंवाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या या उत्सवास मंडप नाहीं. मेफेअर, सेंट जेम्सेस, केन्सिंग्टन येथील पुराणवस्तूंचे व्यापारी ठरल्या संध्याकाळीं आपलीं दालनें उशिरापर्यंत उघडीं ठेवतात; लिलावगृहें व संग्रहालयें त्यांना साथ देतात. मूळ प्रेरणा विक्रीची, हें उघड आहे. मूर्ति कोणत्या देवळांतून निघाली, हा प्रश्न तिच्या किंमतीच्या आधीं विचारला गेला पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

तरीहि या व्यापाऱ्यांचें एक ऋण मी मानतों. संग्रहालयांत वस्तु कांचेआड असते. दालनांत एखादा चिनी पेला हातीं मिळतो, उलटा करून तळावरची राजवटीची खूण पाहतां येते, आणि मुख्य म्हणजे त्याचें वजन कळतें. डोळ्यांना जें समजत नाहीं, तें पुष्कळदां तळहाताला समजतें.

आपल्या दृष्टीनें लंडनांतील सर्वांत मोलाची आशियाई वस्तु मात्र विकाऊ नाहीं. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्या लंडनास गेल्या, आणि १८८५ च्या आगींत बऱ्याच जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरचा रंग पुढें आणखी झडला. तेव्हां कांहीं ठिकाणीं मूळ काय होतें, हें आतां या नकलांनाच विचारावें लागतें. पेस्तनजी बमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीं एक. बाकीच्यांचीं नांवें उत्सवाच्या किती पाहुण्यांना सांगतां येतील? आणि आपल्यापैकीं तरी कितीजणांना?