जमाव म्हणजे कोण?

बोरगावहून नागपूरला बातम्या पाठवणाऱ्या माझ्यासारख्याला ‘लिंचिंग’चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. टपरीवरच्या हिंदी-मराठी दोन्ही पेपरांत तो शब्द सर्रास असतो. त्याची कूळकथा मात्र बातमीदारानं जाणून घ्यावी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनियाच्या चार्ल्स लिंचनं इंग्रजधार्जिण्यांवर स्वतःच खटले चालवले, फटके मारायला लावले. १७८२ मध्ये तिथल्या विधिमंडळानं त्याला पाठीशी घातलं. शब्द त्याच्यावरूनच आला, असं बहुतेक मानतात. पुढे शेकडो काळ्या माणसांना झाडांना टांगलं गेलं, तेव्हा मारणारे गर्दीत दडले. आडनाव तेवढं उरलं.

आपल्या बातम्यांतही मारणारे असेच दडतात. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागत आली होती. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच पोचली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांचा जीव घेतला.

अशा वेळी हात सवयीनं लिहून जातो: ‘मुलं पळवण्याच्या संशयावरून जमावाकडून पाच जणांची हत्या.’ ओळ चोख आहे. पण मेलेल्यांवरचा आळ सगळ्यात आधी येतो आणि मारणारे एका शब्दात निसटतात. म्हणून मी क्रम बदलतो. आधी मेलेले कोण, कुठले, कशासाठी आले होते. मग अफवा, आणि ती खोटी असल्याचं त्याच वाक्यात. पुढच्या परिच्छेदावर ढकललं की डेस्क जागेअभावी ते कापतो. नंतर किती जणांवर गुन्हा, कोणतं कलम, पोलीस कधी पोचले. आमच्याकडच्या गोटमारीच्या, म्हणजे एकमेकांवर दगड मारायच्या जत्रेच्या, बातमीतही ‘दगड लागून जखमी’ एवढंच छापतात. जणू दगड जाम नदीतून आपणहून उडाला.

राईनपाड्याला सहा वर्षं पुरी झाली त्याच दिवशी, १ जुलै २०२४ला, भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. कलमात ‘लिंचिंग’ हा शब्द नाही, ‘प्रत्येक’ आहे. कायदा माणसं मोजतो, तर बातमीनंही मोजावीत. वाचकहो, ‘जमावानं मारलं’ असं छापून आलं, तर किती जण होते आणि कुठले, हे आम्हाला विचारा.