लाल निशाणाची कारभारीण

१८०७ मध्ये झेंग यी मेला तेव्हा त्याच्या मागे गलबतांचा ताफा होता, दत्तक मुलगा होता आणि बायको होती. दोनच वर्षांपूर्वी त्याने दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या भांडखोर चाच्यांना एका करारात बांधलं होतं. रंगीत निशाणांचे सहा ताफे झाले. त्यांत लाल निशाणाचा सर्वांत मोठा. ही जूट आता फुटणार, असंच कोणालाही वाटलं असतं.

ती फुटली नाही. त्याच्या बायकोने, झेंग यी साओने, लाल ताफ्याची लढाईची बाजू दत्तक मुलगा झांग बाओकडे सोपवली आणि पुढे त्याच्याशीच लग्न केलं.

दंतकथा तिच्या हाती तलवार देतात. मला तिच्या कारभारातली वही जास्त महत्त्वाची वाटते. लूट आधी नोंदवायची, पाचवा हिस्सा लुटणाऱ्यांचा, उरलेलं सामायिक कोठारात. कॅन्टनला मीठ नेणारी गलबतं पैसे भरून अभयपत्र घेत आणि ते दाखवलं की चाचे वाट सोडत. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रीत चटकन कळेल. धरून आणलेल्या स्त्रीवर बलात्कार केल्यास देहदंड, असाही नियम होता. मात्र त्याच ताफ्यात कैदी स्त्रिया विकल्याही जात होत्या, आणि हे झाकून तिचा गौरव करणं मला पटत नाही.

एका बाईचं ऐकलं तरी कसं, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर त्या किनाऱ्यावरच आहे. तिथल्या तांका लोकांचा जन्म, संसार, मरण सगळं होडीत. वल्हं आणि सुकाणू बायकांच्या हातीही असे. १८०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा रिचर्ड ग्लासपूल चाच्यांच्या हाती लागला. खंडणी भरून सुटल्यावर त्याने लिहून ठेवलं, की गलबतावर प्रत्येकाला जेमतेम चार फूट चौरस जागा आणि तेवढ्यातच बायकामुलं. बाईचा हुकूम तिथे नवलाचा नव्हता.

शाही आरमार आणि मकावचे पोर्तुगीज मिळूनही हा ताफा बुडवू शकले नाहीत. पण निशाणानिशाणांत वैर पेटलं, काळा ताफा सरकारला जाऊन मिळाला. एप्रिल १८१० मध्ये ती बायकामुलांना घेऊन, हत्यार न घेता, कॅन्टनला सुभेदारासमोर गेली आणि तिने अटी ठरवून घेतल्या. १७,३१८ माणसं, २२६ गलबतं आणि १,३१५ तोफा सरकारजमा झाल्या. झांग बाओला सरकारी हुद्दा मिळाला, वर काही गलबतंही त्याच्याकडेच राहिली.

तो १८२२ मध्ये वारला. १८४० मध्ये, साठी ओलांडल्यावर, तिने एका अधिकाऱ्याविरुद्ध फिर्याद गुदरली: नवऱ्याने तीस वर्षांपूर्वी जमीन घ्यायला दिलेली २८,००० ताएल चांदी त्याने गिळली, असा तिचा दावा होता. फिर्याद फेटाळली गेली. चार वर्षांनी ती वारली.