दोन वर्षांनंतरचे लाकूड

गाव केवढे हे सांगण्याची आपल्याकडची रीत उंबऱ्यांची. 'पन्नास उंबऱ्यांचे गाव' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते उभे राहते. फ्रान्समध्ये राजेशाहीच्या काळी हीच मोजदाद विस्तवावरून होत असे. अमुक गावात इतके विस्तव, म्हणजे इतकी कुटुंबे. करही त्याच हिशेबाने बसे. आपण दारात उभे राहून मोजतो, ते चुलीपर्यंत जाऊन मोजत. एरवी ही गोष्ट वाचून मी 'गंमत आहे' म्हणून पान उलटले असते. पण २०२४ च्या वसंतात आम्ही क्रूझ नावाच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात जुने घर घेतले, आणि समोरच्या म्हातारबाईंनी आम्हांला पहिला प्रश्न विचारला तो 'तुम्ही कुठले?' हा नव्हे. "हिवाळ्यात विस्तव पेटणार का?" असे त्यांनी विचारले.

प्रश्न खोचक नव्हता. फ्रान्सच्या खेड्यांतून जुनी घरे घेऊन उन्हाळ्यापुरती येणारी शहरी आणि परदेशी माणसे पुष्कळ. जूनमध्ये खिडक्या उघडतात, ऑगस्ट सरला की मिटतात. अशा घरांच्या धुराड्यातून धूर निघत नाही. मग गावाने ती मोजायची कशी?

क्रूझ हा फ्रान्सच्या मध्यावरचा, ग्रॅनाइटचा, कुरणांचा आणि चेस्टनटच्या झाडांचा मुलूख. गेरे हे जिल्ह्याचे ठाणे. ओब्यूसाँ हे दुसरे गाव, भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध. फ्रान्स म्हटले की आपल्याला जे जे आठवते, मनोरा, समुद्रकिनारा, द्राक्षांचे मळे, त्यांतले इथे काही नाही. जमीन हलकी. त्यामुळे इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या वसंत ऋतू लागला की पॅरिसची वाट धरीत, तिथे गवंडीकाम करीत आणि थंडीच्या तोंडावर घरी परतत. मार्तां नादो हा त्यांच्यातलाच. १८३० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो बापाबरोबर पायी पॅरिसला गेला, गवंडी झाला, १८४९ साली विधिमंडळावर निवडून गेला, पुढे हद्दपारी भोगली आणि म्हातारपणी ही सारी हकीकत लिहून ठेवली. मागाहून माणसे बायकामुलांसकट तिकडेच राहू लागली. १८५१ साली या जिल्ह्याची वस्ती पावणेतीन लाखांच्या वर होती. आज ती सव्वा लाखसुद्धा भरत नाही.

हे सारे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे राजापूरकडचे आमचे गाव येत होते. पॅरिसच्या जागी मुंबई घाला, थापीच्या जागी गिरणीतला साचा घाला, आणि परतण्याचा हंगाम थंडीऐवजी शिमग्या-गणपतीचा करा. नादोचा बाप आणि माझे आजेसासरे एका बाकावर बसले असते, तर एकमेकांची भाषा येत नसतानाही त्यांचे छान जमले असते!

आमचे घर अकरा वर्षे बंद होते. म्हातारा-म्हातारी गेली आणि मागे वारस राहिले सहा. फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेने औरस मुलांना आईबापांच्या मालमत्तेत सारखा वाटा दिला. न्याय चोख झाला, पण सहा जणांच्या मालकीच्या घराचे दार उघडायला सहा मने एक व्हावी लागतात. एक भाऊ बोर्दोला, एक बहीण कॅनडात, दोघा भाच्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. 'नोतेर' म्हणजे सरकारने नेमलेला दस्तऐवजांचा अधिकारी. त्याच्यासमोर बसावे लागते, तो खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मग सह्या होतात. आमच्या खरेदीखताच्या वाचनात अर्धा वेळ नातीगोतीच चालली होती. कोण कोणाचा मुलगा, कोणाचे लग्न कोणत्या साली, कोणाचे मुखत्यारपत्र कोणाकडे. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. राजापूरकडच्या आमच्या घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत.

आणि तेही घर बंद आहे. ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणीघर, सगळे जागच्या जागी. किल्ली शेजारच्या दिरांकडे. गणपतीला कोणीतरी येते, जळमटे काढते, पाचव्या दिवशी कुलूप लावते. घर घेतल्याचे फोनवर सांगितले तेव्हा दीर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वहिनी, बंद घरच उघडायचं होतं तर आपलं काय वाईट होतं?"

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. उत्तरे माझ्यापाशी होती, नाही असे नाही. यांची सारी नोकरी ल्योंला झाली, मुलगी तिथेच आहे, इथून मोटारीने चार तासांवर. निवृत्तीच्या पैशांत ल्योंला दोन खोल्या राखणे जड, आणि क्रूझमधली घरे फ्रान्समधल्या अगदी स्वस्त घरांत मोडतात. शिवाय राजापूरच्या घरात साधा नळ घ्यायचा तरी चौदा जणांना विचारावे लागेल. ही सारी कारणे खरी आहेत. तरी ती एकामागून एक सांगत गेले की माझी मलाच ती वकिलाने शिकवल्यासारखी वाटू लागतात. दिरांना मी त्यांतले एकही सांगितले नाही. "वर्षभर राहून बघतो," एवढेच म्हटले. मुलीलाही तेच सांगितले होते.

म्हातारबाईंनी आम्हांला घराची किल्ली दिली ती वीतभर लांब, लोखंडी. अकरा वर्षे त्यांनी ती आपल्या फडताळात ठेवली होती. आम्ही त्यांना 'मादाम' म्हणतो. फ्रेंचमध्ये तू आणि तुम्ही आहे ही मराठी माणसाची मोठीच सोय. इंग्रजीवर वाढलेला माणूस इथे अडखळतो, आपण नाही. बाई अजून आम्हांला 'तुम्ही'च म्हणतात. मात्र पहिल्या शरदात त्यांनी टोपलीभर चेस्टनट आणून दिले, उकडून सोलायला शिकवले, आणि मी एक तोंडात टाकला तो थेट फणसाची उकडलेली आठळी! हे त्यांना सांगावेसे वाटले, पण फणस कसा सांगणार? हातवारे करून झाडाच्या खोडाला लटकलेले, काट्यांचे, दहा किलोंचे फळ दाखवले. त्यांनी मान डोलावली. विश्वास ठेवला असेल असे वाटत नाही.

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले. त्याच दिवशी इथे सर्व संतांचा सण असतो आणि माणसे आपापल्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. शेवंती हे इथे मृतांचे फूल. कोणाच्या घरी भेट म्हणून ती न्यायची नसते. बाजारात सगळीकडे शेवंतीच शेवंती, पिवळी, तांबूस, पांढरी. मी पूजेपुरती घेतली. दुपारी बाईंच्या बरोबर स्मशानभूमीत गेले. त्यांनी एक कुंडी आपल्या यजमानांच्या कबरीवर ठेवली आणि दुसरी आमच्या घरातल्या म्हातारा-म्हातारींच्या. सहा वारसांपैकी तिथे कोणी आले नव्हते. राजापूरला त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर दिवा कोणी लावला असेल, हे मी दिरांना विचारले नाही.

रात्री उंबऱ्यावर पणत्या मांडत होते तेव्हा बाई आल्या. हे कशासाठी, असे विचारले. आज आमची लक्ष्मी येते, ज्या घरात दिवा असेल तिथे शिरते, असे मी सांगितले. "म्हणजे तीसुद्धा विस्तव पाहूनच," बाई म्हणाल्या.

पहिला हिवाळा आम्ही वाळलेले लाकूड विकत घेऊन काढला. लाकूड इथे 'स्तेर'ने मोजतात. एक मीटर लांब, रुंद आणि उंच रचलेली रास म्हणजे एक स्तेर. मेट्रिक पद्धतीबरोबर १७९५ साली हे माप जन्माला आले आणि १९७७ च्या अखेरीस कायद्यातून गेले, पण लाकूडवाल्याच्या जिभेवरून काही गेले नाही. ओंडके अर्ध्या मीटरचे कापले की ते अधिक घट्ट बसतात आणि स्तेरभर लाकूड सुमारे चार पंचमांश घनमीटरच भरते. नव्या माणसाला वाटते, आपल्याला फसवले. आपल्याकडे १९५८ पासून दशमान मापे आली, पण माझी आई शेवटपर्यंत तांदूळ पायलीनेच मोजी, तेव्हा मला याचे नवल वाटले नाही. अगोटीची बेगमीही माझ्या ओळखीची. पण कोकणातली फाटी एका पावसाळ्यापुरती असत. इथला ओक दोन वर्षे वाळवावा लागतो. ओला जाळला तर ऊब थोडी आणि काजळीच फार. ती धुराड्यात साचते, पेट घेते. म्हणून वर्षातून एकदा धुराडे साफ करून त्याचा दाखला विमा कंपनीसाठी जपून ठेवायचा असतो.

२०२५ च्या मार्चमध्ये लाकूडवाला आला. पुढच्या थंडीचे वाळलेले लाकूड त्याने वहीत लिहिले, आणि पेन तसेच धरून विचारले, "आणि ओले?"

ओले म्हणजे २०२७ चे. त्याच्या लेखी तो दराचा प्रश्न होता. हे माझ्याकडे वळले, काही बोलले नाहीत. ठरवलेले वर्ष त्याच महिन्यात पुरे होत होते. खिडकीतून बाईंच्या धुराड्याचा धूर दिसत होता. त्या आडव्या आळीत त्यांचा आणि आमचा, एवढे दोनच.

"आठ स्तेर," मी म्हटले.

संध्याकाळी मी दिरांना फोन केला आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्या, लागतील तितकी नवी कौले घाला, पैसे पाठवते, असे सांगितले. ते "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वाशांनाही वाळवी लागलीय एका बाजूला." तेही बघा म्हटले.

लाकूड आले ते ट्रॅक्टरने अंगणात ओतून दिले. रचायला बाई आल्या. वय ब्याऐंशी, पण ओंडका उचलताना त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवायचे, म्हणजे मागून वारा खेळतो. खाली दोन आडव्या फळ्या. वर पत्रा, पण बाजू उघड्या. पहिली रांग लावून झाल्यावर त्यांनी एप्रनच्या खिशातून खडू काढला, एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर २०२७ असा आकडा घातला, आणि दुसरी रांग आम्हांला लावायला सांगून त्या दगडावर बसल्या.