भुऱ्याला हाक ऐकू येते

भुऱ्याला हाक ऐकू येते. पण यायचं की नाही, हे तो ठरवतो.

दोन वर्षांपूर्वी वर्क फ्रॉम होम घेऊन मी गिरडला परत आलो, तेव्हा युट्यूब बघून त्याला 'बस' शिकवायला घेतलं. दोनदा बसला. तिसऱ्यांदा बिस्कीट खाल्लं आणि उठून निघून गेला. लॅब्रेडॉरला माणसाचं ऐकावंसं वाटतं, कारण माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तशीच कुत्री निवडून वाढवली. गावठी कुत्र्याची अशी निवड कोणी केली नाही. उभे कान, वळलेली शेपटी, आखूड केस. जे जगलं ते टिकलं. आफ्रिकेतला बसेंजीही असाच, आदिम म्हणतात तसला. 'हा बग नाही, फीचर आहे,' मी आबाजींना समजावलं.

'कुत्रा आहे तो,' आबाजी म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो ससा घेऊन आला आणि बैलगाडीखाली ठेवून बसला. शेपटी हलवत. मला मात्र घाम फुटला. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार सशाची शिकार गुन्हा आहे, आणि इथून जवळच खुर्सापारच्या जंगलात वाघ आहेत. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तो आजार कुत्र्यांनाही होतो, आणि भुऱ्याला तोवर एकही लस दिलेली नव्हती. त्याच आठवड्यात लसी दिल्या आणि रात्री त्याला घरी बांधायला सुरुवात केली.

तिसऱ्या रात्री रानडुकरांनी हरभरा उकरून टाकला. आबाजी मला शेतात घेऊन गेले, पण ओरडले नाहीत.

'पगार देतो का आपण त्याले? भाकर देतो. मंग काम तं करू दे.'

म्हणून आता रात्री मीच भुऱ्यासोबत शेतात झोपतो. तो लांब दोरीला, मी मचाणावर, लॅपटॉप उशाशी. डुकरं आली की तो भुंकतो, मी टॉर्च मारतो. दोरीवर त्याचा राग आहे. दिवसा माझ्याकडे बघतही नाही.

गेल्या आठवड्यात मध्यरात्री भुंकणं अचानक थांबलं. खाली वाकून बघितलं, तर भुऱ्या मचाणाच्या खांबाला अंग चिकटवून उभा, कान नाल्याकडे. मी उतरलो. तो माझ्या पायाला टेकला. हाक मारली नव्हती.

सकाळी नाल्याच्या रेतीत पंज्यांचे ठसे होते. आबाजींनी वनरक्षकाला फोन लावला. मी दोरी सोडली आणि भुऱ्याला घेऊन घरी आलो.