अठरा हजारांचा मशवरा

राजिवड्याच्या आमच्या बाजूला घरात थोडे जास्तीचे पैसे आले की ते कुठे जाणार हे आधीच ठरलेले असते. पावसाआधी घर शाकारायचे असते, कुणाची फी भरायची असते, कुणाचे लग्न असते. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर या यादीत कुठे बसत नाही. त्यामुळे यंदा तो घ्यायचा विषय निघाला, तेव्हा घरात एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मशवरा चालला. आता गिटार पुष्कळ घरांत आली आहे. तिच्या पाठोपाठ हा प्रश्नही येतो. म्हणून आम्हाला जे कळले ते इथे लिहीत आहोत.

आमचा मुलगा बारावीत आहे. चार वर्षांपासून गिटार वाजवतो, आणि वाजवतो ते ब्लूज आणि साठ-सत्तर सालचा जुना रॉक. त्याचा पहिला अ‍ॅम्प छोटा, जुना, कुणाकडून तरी घेतलेला होता. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेने त्याचा जॅक गंजला आणि गेल्या पावसाळ्यात स्पीकरच्या कागदी कोनला बुरशी आली. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "यावर पैसे घालू नका." त्यानंतर मुलाने आमच्याकडे काही मागितले नाही. अकरावीची परीक्षा संपल्यावर तो आंब्याच्या पॅकिंगला जाऊ लागला. पेंढा घालून पेट्या भरायच्या, फळ निवडायचे, गाडीत चढवायचे. मे महिन्याच्या शेवटी त्याने नऊ हजार रुपये आणून अम्मीच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "अ‍ॅम्पसाठी आहेत. कमी पडतील ते पुढच्या सीझनला."

त्या नऊ हजारांनी प्रश्न अवघड केला. त्याने पैसे मागितले असते तर हो किंवा नाही म्हणणे सोपे होते. आता कष्टाचा, हलाल पैसा समोर होता, आणि तो कशावर खर्च करायचा हेही त्याने ठरवलेले होते. आम्ही दोघांनी विचार करून तेवढेच नऊ आमचे घालायचे ठरवले. अठरा हजार, त्यावर एक रुपया नाही.

थोरल्या चाचांना हे आवडले नाही. बारावीचे वर्ष, त्यात वाद्य, त्यात अठरा हजार. त्यांचे म्हणणे त्यांनी सरळ सांगितले आणि ते सांगण्याचा त्यांना हक्क आहे. संगीताबद्दल आपल्या उलेमांत मतभेद आहेत, ते आमच्या घरातही आहेत. एका लेखात ते मिटणार नाहीत. शेवटी सगळे दादीकडे गेले. दादीने मुलाला तीन गोष्टी सांगितल्या. अजान झाली की नमाज संपेपर्यंत यंत्र बंद. ईशानंतर शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे आवाज जाता कामा नये. आणि उधारीवर काही आणायचे नाही. मग तिने विचारले, "पण पोरा, त्या गिटारीला भोक आहेच ना? मग पेटी कशाला?"

प्रश्न रास्त होता. साध्या गिटारीचे पोकळ लाकूड आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारीचे लाकूड बहुधा भरीव असते. तिच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार असते, तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत अगदी क्षीण वीज तयार होते. ती वाढवून स्पीकरपर्यंत न्यायची, हे अ‍ॅम्पचे काम. चाचांनी यावर विचारले की मग लग्नात आणि जलशात वापरतात ती अहुजाची पेटी का नको? तीही आवाज मोठाच करते. इथेच खरी मेख आहे. सभेच्या अ‍ॅम्पने बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा द्यायचा असतो. गिटारचा अ‍ॅम्प आवाज बदलतो, आणि त्याने तो बदलावा अशीच अपेक्षा असते. त्याचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही काढत नाही. त्यामुळे कर्कश किनार आपोआप गाळली जाते. तोच खरखरीत सूर सभेच्या स्पीकरमधून काढला, तर डब्यात माशी अडकल्यासारखा वाटतो.

ही खरखर कुठून आली, त्याचाही इतिहास आहे. मिसिसिपीच्या शेतांवर राबलेले मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेले. तिथल्या गर्दीच्या जागी साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. त्या काळचे अ‍ॅम्प छोटे, काचेच्या व्हॉल्व्हचे. ते पूर्ण उघडले की व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल यायचा, लहरीचे शेंडे चपटे व्हायचे आणि सुराला एक दाटपणा, घोगरेपणा यायचा. अभियंत्याच्या दृष्टीने तो दोष. वाजवणाऱ्यांना तोच आवडला. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या माणसाने अ‍ॅम्प बनवायला घेतले. त्यांच्या बासमन या अ‍ॅम्पच्या सर्किटवरून लंडनमधल्या जिम मार्शल या ड्रमच्या दुकानदाराने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपला अ‍ॅम्प बनवला, आणि पुढच्या रॉकचा आवाज बराचसा तिथून आला.

व्हॉल्व्हचे नाव निघाले आणि दादी एकदम बोलू लागली. आमचे दादा आगबोटीवर होते. त्यांनी आणलेला रेडिओ व्हॉल्व्हचाच होता. त्याचे पोस्टात दरसाल लायसन्स भरावे लागे. "बटण फिरवले तरी लगेच बोलायचा नाही," दादी म्हणाली, "आधी आत लाल दिसायचे, मग तापायचा, मग बोलायचा. तुझे दादा तेवढ्यात चहा मागायचे." मुलगा तिच्याजवळ सरकून बसला. जी गोष्ट तो इतके दिवस मोबाईलवर वाचत होता, ती त्याच्या दादीने रोज फडक्याने पुसली होती.

त्याने मग तिला माली देशातल्या अली फारका तुरे यांची गिटार ऐकवली. नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचे हे मुसलमान शेतकरी. १९९४ मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर केलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळाले. तरी ते शेतीकडेच परतले, पुढे गावाचे मेयर झाले आणि २००६ मध्ये वारले. अमेरिकेचा ब्लूज हा मुळात आपल्याकडचाच, असे ते म्हणत. या मुळाचा शोध इतिहासकारही घेत आहेत. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांत मुसलमान पुष्कळ होते. सिल्व्हियान दियूफ यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आहे, आणि तिथल्या मजुरांच्या जुन्या हाकांत अजानसारखी स्वरांची वळणे आहेत, हे त्यांनी दाखवले आहे. दादीने पूर्ण ऐकले. "मजूर माणसाचा आवाज आहे," एवढेच म्हणाली.

आता निवड. मुलाच्या मनात व्हॉल्व्हचा पन्नास वॅटचा अ‍ॅम्प होता, बारा इंची स्पीकरचा. आमच्या मनात घराची भिंत होती. इथे आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडली ती वॅटची गोष्ट. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज असे नसते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे पाच वॅटचा अ‍ॅम्प पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पच्या जवळजवळ निम्म्याने तरी ऐकू येतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तेही कान भरण्याइतके असते. शिवाय व्हॉल्व्हचा तो घोगरा सूर अ‍ॅम्प बराच उघडल्याशिवाय नीट येत नाही. आमच्या घरात तो तिसऱ्या आकड्याच्या पुढे कधी जाणार नव्हता.

कुवेतच्या मामूंनी फोनवर सांगितले की तिकडून आणतो, स्वस्त पडेल. तिथली वीज जवळजवळ आपल्यासारखीच, २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तेव्हा चालला असता. फक्त पिन बदलावी लागली असती. अमेरिकेतून कुणी आणत असेल तर मात्र सावध. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या प्लगात सरळ लावला की गेलाच. आम्ही मामूंना नको म्हटले, कारण वजनदार पेटी सामानात आणायची, आणि बिघडली तर वॉरंटी तिकडची.

जुलैअखेर मुंब्र्याला खालांकडे जायचेच होते. रात्रीच्या कोकणकन्येने निघालो आणि सकाळी धोबी तलावच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांत गेलो. मुलाने स्वतःची गिटार बरोबर घेतली होती. हे प्रत्येकाने करावे. दुकानातली महागडी गिटार कुठल्याही अ‍ॅम्पमधून चांगलीच वाजते. तीन अ‍ॅम्प त्याने ऐकले: एक व्हॉल्व्हचा, एक साधा ट्रान्झिस्टरचा, आणि एक डिजिटल, ज्यात संगणकाची चिप जुन्या अ‍ॅम्पांच्या आवाजाची नक्कल करते. त्याला मॉडेलिंग म्हणतात.

व्हॉल्व्हचा त्याला सर्वांत आवडला. आम्हालाही फरक कळला. हळू छेडले तर सूर स्वच्छ, जोरात छेडले तर तोच सूर फाटतो. हाताचा जोर तो लगेच ओळखतो. किंमत आमच्या आकड्याच्या चौपट होती. आम्ही काही बोललो नाही. तो बराच वेळ वाजवत बसला, मग त्याने आवाज अगदी खाली आणला, घरात लागेल तेवढा, आणि पुन्हा ऐकला. तिथे ती जादू निम्मी राहिली. "अब्बा, हा मोठ्या जागेचा आहे," तो म्हणाला आणि उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते आम्हाला दिसत होते. चौपट पैसे असते तर आम्ही काय केले असते, हे आम्ही दोघांनी एकमेकांना अजून विचारलेले नाही.

शेवटी मॉडेलिंगचा घेतला. पंचवीस वॅट, आठ इंची स्पीकर, हेडफोनचा जॅक. बारा इंची स्पीकरचा भारदस्त खालचा सूर याला नाही, हे त्याला घेतानाच माहीत होते. कंपनीचे नाव लिहीत नाही. या किमतीत चार-पाच कंपन्यांचे मिळतात आणि जाहिरात करायची नाही. साडेचौदा हजार पडले. वर नऊशेची चांगली वायर घेतली.

घेण्याआधी आम्ही जे पाहिले ते असे. काही न वाजवता आवाज वाढवून ऐकले की नुसती सूं-सूं किती येते. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचले. हेडफोन लावून पाहिले, कारण ईशानंतरची अट त्यावरच पाळली जाणार होती. अगदी कमी आवाजातही सूर भरीव राहतो का ते पाहिले. दुरुस्ती कुठे होते ते विचारले. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कुणी घेतलाच तर एक लक्षात ठेवावे: त्याच्या आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मुलांनी तो घरी उघडायचा नाही.

घरी आल्यावर आधी वायरमनला बोलावले. त्याने त्या खोलीतले अर्थिंग तपासले, तर ते प्लगपर्यंत पोचतच नव्हते. वाजवणाऱ्याचे बोट सतत पोलादी तारेवर असते आणि ती तार अ‍ॅम्पमार्फत अर्थला जोडलेली असते. अर्थिंग नसेल आणि आत काही बिघडले, तर झटका सरळ हाताला. नवी वायर टाकून घेतली. तो खर्च घराचा धरला, अ‍ॅम्पचा नाही. त्या प्लगावर इस्त्रीही लागते.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पेटी सांभाळणे हे रोजचे काम आहे. जमिनीवर ठेवत नाही, जांभ्याच्या भिंतीला चिकटवत नाही, वर सुती कापड घालतो. प्लास्टिक घातले की आत घाम धरतो. मागच्या बाजूला सिलिकाच्या पुड्या ठेवल्या आहेत. वीज चमकू लागली की प्लग काढायचा, हे दादीच बघते.

दादीच्या अटी आतापर्यंत पाळल्या गेल्या आहेत. मगरिबची अजान झाली की त्या खोलीतला लाल दिवा विझलेला असतो. चाचांचे मत बदललेले नाही. बारावीच्या निकालावर ते बोलणार आहेत, आणि आम्हीही तो निकाल येईपर्यंत काही म्हणणार नाही. अभ्यासाचे तास मुलानेच कागदावर लिहून कपाटाला लावले आहेत.

अठरा हजारांतले सव्वीसशे रुपये उरले. ते त्याच्या खात्यात भरले. त्यातून तारांचे संच घ्यायचे, की पुढच्या सीझनचे पैसे त्यात घालून कधीतरी व्हॉल्व्हचा घ्यायचा, हे त्याने ठरवायचे आहे.