टाच घासणारा मोर

आज पुन्हा केळकर संग्रहालयात गेले. पोस्टरचं काम आठवडाभर अडलंय, घरी बसवेना. मूर्ती झरझर मागे टाकल्या आणि अडकित्त्यांपाशी थबकले. सुपारी कातरायला दोन पाती पुरेत, पण इथे त्यांचे पोपट झालेत, घोडे झालेत! पुढे पितळी वज्री. टाच घासायची वस्तू, तिच्यावरही कुणी मोर बसवलाय. तो नुसता शोभेचा नाही; ओल्या हाताला तीच पकड. खालची बाजू मात्र खरखरीत, रेघारेघांची. दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी हे असलं घरगुती सामान गावोगाव हिंडून जमवलं. तिकिटाच्या पाठीवर जागा ती केवढी, तरी मोर काढला. पोस्टरवर पिसारा कोपऱ्यात नको. शीर्षकातली वेलांटीच तशी वळवायची. बाहेर पाऊस. तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात.